आनंदवल्लीची आनंदीबाई आणि कुणीच न पाहिलेली चिठ्ठी

गोदाकाठची

मंडळी, हा धागा काढायचं कारण घरातलंच आहे. माझ्या भाचीचं नाव आनंदी, सहावीत आहे. मधल्या सुट्टीत वर्गातली पोरं तिला "ध चा मा" म्हणून चिडवतात. परवा शाळेतून आली, दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि मला म्हणाली, "मावशी, नाव बदलायला किती दिवस लागतात गं?" मी हातातली कणीक तशीच ठेवून तिच्याजवळ बसले. ती रडत नव्हती. ठरवून आल्यासारखी बोलत होती, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आम्ही राहतो गंगापूर रोडला. आनंदवल्ली इथून चालत दहा मिनिटांवर. या गावाला नाव आनंदीबाईवरून मिळालं. राघोबादादांचा वाडा इथे होता, नवश्या गणपतीला आपण सगळे जातो, आणि त्याच रस्त्यावरून येताजाता तिला खुनी म्हणतो. मीही म्हटलंय. कॉलेजात असताना कुणी कागदात खाडाखोड केली की "काय गं, आनंदीबाई झालीस का" असं म्हणायची सवय होती. आता ते आठवून लाज वाटते.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गणपतीचे दिवस. राघोबांनी गारद्यांना, म्हणजे वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांना, लिहून दिलं, "नारायणरावास धरावे." आनंदीबाईने ध चा मा केला. गारद्यांनी अठरा वर्षांच्या पेशव्याला मारलं.

गेले सहा महिने मिळेल ते वाचते आहे. आणि एका प्रश्नापाशी येऊन थांबते आहे: ती चिठ्ठी कुठे आहे? पेशवे दप्तरात लाखो कागद आहेत. कुठल्या गावाला किती गवत दिलं, कुठल्या लग्नात किती शेर तूप लागलं, याचे हिशेब आहेत. मराठी राज्याचा सगळ्यात गाजलेला खून ज्या कागदाने झाला म्हणतात, तो मात्र आजवर कुणालाही सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट सुचली ती पोळ्या लाटताना. ध चा मा ही कथा खरी धरली, तर राघोबादादा काय ठरतात? त्यांनी तर फक्त "धरावे" लिहिलं होतं. म्हणजे पुतण्याच्या खुनातून काका जवळजवळ सुटतो आणि सगळं पाप काकूच्या बोटांवर जातं. ही कथा नक्की कुणाच्या सोयीची आहे, हे मला या धाग्यावर बोलायचं आहे. नाशिकशी नातं असलेल्या, अशाच चुकीच्या आठवल्या गेलेल्या किंवा विसरल्या गेलेल्या बायकांबद्दलही लिहा.

पंचवटीकर

ताई, भाचीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक सांगतो. आमच्या आजोबांपासून ऐकत आलोय, आणि आग असल्याशिवाय धूर निघत नाही. आनंदीबाई साधी बाई नव्हती. शिकलेली होती, राजकारण कळत होतं, नवरा पेशवा व्हावा ही तिची इच्छा होती. राघोबा मनाने कच्चे आणि ती पक्की, असंच सगळे म्हणतात. तिला एकदम गरीब गाय करू नका.

मोडीवाचक

पंचवटीकर काका, गरीब गाय कुणीच म्हणत नाहीये. मी हौशी मोडी वाचतो, शिकवतोही. प्रत्येक नव्या वर्गात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "सर, मोडीत ध चा मा होतो का?" मी म्हणतो, बाळा, अक्षर तपासायला आधी कागद लागतो.

आता त्या वेळची परिस्थिती बघा. १७७३ च्या एप्रिलपासून राघोबा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांचा पगार थकलेला होता आणि त्यावरून त्यांची धुसफूस चालू होती. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ हे गारद्यांचे पुढारी आणि राघोबांचा माणूस तुळाजी पवार, ही मंडळी कटात होती. दुपारी गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांकडे गेला, त्यांना मिठी मारली. तुळाजीने त्याला ओढून काढलं. चापाजी टिळेकर मध्ये पडला, तोही मारला गेला. वाड्यातल्या दासीही मारल्या गेल्या. त्यांची नावं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो आहे.

एवढ्या लोकांचा हात असलेल्या कटाला एक अक्षर बदलण्याची गरज होती का? पगार, कैद, सत्ता, जुनी भावकी, कारणं ढिगाने होती. आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते कुणाला? राघोबांना. त्या काळातला सगळ्यात निस्पृह न्यायाधीश नवऱ्याला दोषी ठरवतो आणि अडीचशे वर्षांनी आपण बायकोला चिडवतो.

गोदाकाठची

काका, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. होती ती महत्त्वाकांक्षी. नवऱ्याला सल्ला देत होती, आपल्या मुलांचा हक्क बघत होती. पण त्याच वाड्यात महत्त्वाकांक्षा कुणाला नव्हती? कारभाऱ्यांना होती, सरदारांना होती, राघोबांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांना, म्हणजे बारभाईंना होती. पुरुषाच्या बाबतीत आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. इच्छा असणं आणि खून करणं यामध्ये पुरावा नावाची एक गोष्ट लागते.

आणि पुढचं आयुष्य बघा तिचं. खून झाल्यावर नवरा पेशवा झाला खरा, पण काही महिन्यांतच बारभाईंनी पाय उखडले. नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती, तिला पुरंदरावर नेलं, एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. राघोबा पळत इंग्रजांच्या आश्रयाला गेले. आनंदीबाई धारच्या किल्ल्यात, तिथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला जन्म दिला. नवरा सुरतेला तह करतोय आणि ही परक्या किल्ल्यात तान्ह्या पोराला घेऊन. डिसेंबर १७८३ मध्ये राघोबा कोपरगावला वारले. मग वैधव्य आणि पहारा, आधी कोपरगावात, शेवटी इथे, आनंदवल्लीत. १७९४ मध्ये ती इथेच गेली. मुलं पुढे शिवनेरीला नेऊन ठेवली.

तिची बाजू ऐकून घ्यावी असं या सगळ्या वर्षांत कुणाला वाटलं नाही. मी संध्याकाळी नवश्या गणपतीच्या मागच्या बाजूला नदीकडे तोंड करून बसते, तेव्हा हेच मनात येतं. हीच गंगा ती रोज बघत असेल.

निफाडचा_आबा

आनंदीबाईचं मला माहीत नाही, पण तिच्या जावेबद्दल आमच्याकडे सांगतात. गोपिकाबाई, नानासाहेबांची बायको. माझी आजी सांगायची की मुलगा नारायणराव मारला गेल्यावर गोपिकाबाई भ्रमिष्ट झाली आणि नाशकात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, घेऊन घरोघर भीक मागायची, तीही फक्त सरदारांच्या बायकांच्या दारात. आणि पानिपत झालं तेही तिच्यामुळे, कारण विश्वासरावाला पाठवायचा हट्ट तिने धरला. खरं काय?

मोडीवाचक

आबा, छान विषय काढलात. आधी पानिपतचं. १७६० मध्ये फौज कुणी, कुठे, कुणाच्या हाताखाली जायची हे पेशवा ठरवत होता, सदाशिवरावभाऊ नुकतेच उदगीर जिंकून आले होते, आणि पेशव्याच्या मोठ्या मुलाला मोहिमेवर नाव म्हणून पुढे ठेवणं ही घराण्याची रीतच होती. पानिपतावर फौज उपाशी होती, रसद तुटली होती, बरोबर यात्रेकरू आणि बाजारबुणगे होते. यातलं काय एका आईच्या हट्टाने झालं?

आता तिचं आयुष्य तारखांनी मांडतो, मग तुम्हीच बघा. १४ जानेवारी १७६१, पानिपतावर थोरला मुलगा आणि दीर गेले. २३ जून १७६१, नवरा गेला. पाच महिन्यांत घर रिकामं. पुढे पेशवा झालेल्या मुलाशी, माधवरावांशी, तिचं पटलं नाही, माहेरच्या रास्त्यांच्या माणसांवरून बिनसलं, आणि ती पुणं सोडून इथे गंगापूरला येऊन राहिली. १८ नोव्हेंबर १७७२, माधवराव थेऊरला क्षयाने गेले. त्यानंतर वर्षही पुरं झालं नाही आणि नारायणराव मारला गेला. मोठे झालेले तीन मुलगे, तिघंही आईच्या आधी.

भीक मागण्याच्या गोष्टीबद्दल म्हणाल, तर तिने नातू सवाई माधवरावाला लिहिलेलं उपदेशाचं पत्र वाचा. दिवस कसा घालवावा, वडीलधाऱ्यांशी कसं वागावं, अभ्यास कसा करावा, सगळं एकेक करून सांगितलंय. कारभार ज्याच्या डोक्यातून गेलेला नाही अशा माणसाचं ते पत्र आहे. १७८८ मध्ये ती नाशकातच वारली. दुःखाने बाई वेडी झाली म्हटलं की ऐकणाऱ्याला समाधान वाटतं. दुःख पचवून नातवाचं वेळापत्रक लिहिणारी आजी मात्र लोकांच्या लक्षात राहिली नाही.

निफाडचा_आबा

आजीची गोष्ट खोटी ठरली तरी आजीवर राग नाही माझा. पण हे पत्राचं आज पहिल्यांदा कळलं. आमच्या गावात कीर्तनात सुद्धा नरोटीचंच सांगतात.

सातपूरची_लेक

मी रोज अंबड लिंक रोडने कंपनीत जाते, पांडवलेणी खिडकीतून दिसतात. इतकी वर्षं मला वाटायचं पांडवांनी बांधली. मागच्या दिवाळीत पोरांना घेऊन वर गेले आणि तिथे एक जण शिलालेख वाचून दाखवत होता. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. त्या डोंगरावर बायकांची नावं कोरलेली आहेत! मी तिथेच मोबाईलमध्ये लिहून घेतली. दखमिता, भटपालिका, विष्णुदत्ता, बलश्री. कुणाला जास्त माहिती असेल तर सांगा ना. पांडवांची एवढी मोठी गोष्ट, आणि ज्यांनी खरंच पैसे दिले त्या बायका कुणाला माहीत नाहीत.

लेणीवेडा

ताई, तुम्ही माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलात, त्यामुळे लांब लिहितो.

ही बौद्ध लेणी आहेत. लेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी. लेणं क्रमांक १८ हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं. त्यातल्या लेखात भटपालिका नावाची बाई सांगते की हे चैत्यगृह तिने पूर्ण करवलं. ती राजाच्या भांडागारिकाची, म्हणजे कोठाराच्या अधिकाऱ्याची, बायको. नाशिकच्या डोंगरावरचं सगळ्यात सुंदर दार ज्या लेण्याला आहे, ते पुरं करणारी ही बाई.

लेणं १० नहपान या क्षहरात कुळातल्या क्षत्रप राजाच्या काळातलं. नहपानाचा जावई उषवदात याचे मोठमोठे लेख तिथे आहेत, इतिहासात सगळे त्याला ओळखतात. त्याच लेण्यात त्याच्या बायकोने, नहपानाच्या मुलीने, दक्षमित्रेने, स्वतःच्या नावाने एक खोली दान दिली आहे. लेखात ती दखमिता. नवऱ्याच्या दानात नाव घालून मोकळी झाली नाही, वेगळा लेख कोरवला.

विष्णुदत्तेचा लेख त्याच लेण्यात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला. ती शकनिका, म्हणजे शक कुळातली. गणपक हा हुद्दा असलेल्याची बायको, आणि तसाच हुद्दा असलेल्या मुलाची आई. तिने काय केलं? आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, पैसे ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे १०००, दुसरीकडे २००० कार्षापण (त्या वेळची नाणी), तेलाच्या घाणेवाल्यांकडेही काही रक्कम. व्याजातून औषधं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी नाशकातल्या एका बाईने मेडिकल फंड काढला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी आई सिव्हिलमध्ये भरती होती आणि औषधांच्या चिठ्ठ्या खिशात होत्या. त्या दिवसापासून विष्णुदत्ता मला परकी वाटत नाही.

आता बलश्री. लेणं ३. व्हरांड्यात शिरलात की मागच्या भिंतीवर दाराच्या वर बघा, लांबच लांब ब्राह्मी लेख. तिचा नातू पुळुमावी राजा याच्या एकोणिसाव्या वर्षातला. गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल आपण पुस्तकात जे शिकलो, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, ज्याने क्षहरातांचा निर्वंश केला, ते सगळं याच लेखातून आलं. आणि हा लेख कुणाचा? त्याच्या आईचा. महादेवी गौतमी बलश्री. स्वतःची ओळख ती महाराजांची आई आणि महाराजांची आजी अशी देते. मुलाच्या पराक्रमाच्या यादीत ती हेही कोरवते की तो आईची सेवा कधी चुकला नाही, आणि अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नव्हतं. लढाया सांगता सांगता मध्येच आई बोलते. मला ही ओळ वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

पंचवटीकर

हे फारच सुंदर लिहिलंत. मग सातवाहनांत आईचं नाव लावत, म्हणजे बायकांचं राज्य होतं असं म्हणतात ते बरोबर ना?

लेणीवेडा

नाही काका, तोही गैरसमजच, फक्त गोड आहे म्हणून कुणी तपासत नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावं आईच्या गोत्रावरून आहेत. गौतमी हे तिचं गोत्राचं नाव, तिचं स्वतःचं नाव बलश्री. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, नुसतं "गौतमी" म्हणू नका, बलश्री म्हणा. बायकांना मोठं करायला खोट्याची गरज नाही, कोरलेलं आहे तेवढं पुरतं.

त्याच व्हरांड्यात आणखी एक लेख आहे, गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षाचा. गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेला हुकूम. हे गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडवरचंच. हुकूम राजाने एकट्याने काढलेला नाही, राजमातेबरोबर काढलाय. भिक्षूंना दिलेलं कखडी गावातलं शेत पडून आहे, कारण गावच ओस पडलंय, तेव्हा त्याऐवजी शहराच्या हद्दीवरची १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) राजाची जमीन द्या, असा अगदी तलाठ्याच्या कामाचा मजकूर. आणि लेख लिहिण्याच्या कामी नाव येतं प्रतिहारी लोटा हिचं. दारावरची अधिकारी, बाई. सरकारी हुकुमाच्या मजकुराशी जिचं नाव जोडलेलं आहे अशी नाशकातल्या लेखातली बाई.

गोदाकाठची

लेणीवेडा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. एक बाई हुकुमातलं अक्षर बदलते अशी गोष्ट आपण अडीचशे वर्षं सांगतो, कागद नसताना. आणि हुकुमाशी नाव जोडलेली बाई दगडावर आहे, एकोणीसशे वर्षं, आपल्याच डोंगरावर, तिचं नाव माझ्या कानावर आज पडलं. लोटा. मी भाचीला फोन करून सांगितलं.

देवळालीची

मला एक भर घालायची आहे, इतकी जुनी नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड इथे सगळं बघत होते. आमच्याकडे अजून लोक म्हणतात, "बायका मागे राहून भाकऱ्या बांधून देत होत्या." भाकऱ्या बांधल्याच, त्यात कमीपणा नाही. पण पहिल्या तुकडीत १२५ पुरुषांबरोबर २५ बायका मंदिराच्या दारांशी बसायला गेल्या होत्या. माझी पणजी पुढच्या तुकड्यांमध्ये होती. तिच्या कपाळावर दगडाची खूण होती, कुंकवाच्या थोडी वर. लहानपणी मी त्या खुणेवर बोट ठेवायची आणि ती म्हणायची, "रामाच्या दारातली आहे." घरात तिचा एकही फोटो नाही. सत्याग्रहाच्या चित्रांत पुरुषच दिसतात, म्हणून वाटतं बायका नव्हत्याच.

सातपूरची_लेक

देवळालीची ताई, पणजीबद्दल आणखी लिहा. वेगळा धागा काढा हवं तर. नाव नका देऊ, पण काय सांगायच्या ते लिहा. ही माणसं गेली की गेलं सगळं.

देवळालीची

लिहिते. आई अजून आहे, तिला बरंच आठवतं. या रविवारी तिच्याजवळ बसते.

पंचवटीकर

ताई (गोदाकाठची), मी काल रात्री हा धागा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुम्ही पन्नास वर्षं मला आनंदीबाई म्हणताय, स्वयंपाकात मीठ जास्त झालं तरी." मला ते माहीतही नव्हतं, तोंडातून जायचं इतकंच. ध चा मा झालाच नाही असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. पण कागद नसताना मी हे पुन्हा बोलणार नाही. भाचीला माझा आशीर्वाद सांगा.

मोडीवाचक

काका, नमस्कार. तुमच्या नातवंडांना घेऊन माझ्या वर्गाला या, फी नाही.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. शेवटची बातमी. काल लेणीवेडा यांनी सांगितल्याप्रमाणे आनंदीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले. सकाळी लवकर निघालो, पायऱ्या चढताना ऊन नव्हतं. तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात यक्षांच्या खांद्यांवरचे ते खांब बघून ती आधी हरखलीच, मग मान वर करून बराच वेळ दाराच्या वरची अक्षरं बघत राहिली. घरून ब्राह्मीचा तक्ता छापून नेला होता. लो आणि टा ही दोन अक्षरं तिने वहीत काढली, टोक तोडलेल्या पेन्सिलीने, दोनदा खोडून. आज ती वही शाळेत घेऊन गेली आहे. नाव बदलायचं पुन्हा विचारलेलं नाही, पण मी काही बोलणार नाही त्यावर, तिचं तिला ठरवू दे.

पुढच्या रविवारी सकाळी सातला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी मी आणि आनंदी थांबणार आहोत. लेणीवेडा येत आहेत, वाचून दाखवतील. पाणी आणि टोपी आणा. देवळालीची ताई, आईंना चढणं जमणार नसेल तर उतरल्यावर आम्हीच तुमच्याकडे येतो.